वाचक विचारतात: एका एसटीएम-१ मध्ये मॉडेम किती?

प्रश्न: नमस्कार सर, मी जुळे सोलापुरात राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माळा आवरताना बाबांचा जुना मॉडेम (फोनच्या तारेवरनं इंटरनेट जोडायची डबी) सापडला, त्यावर ५६ के, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट, असं लिहिलंय. कॉलेजात शिकवलं की बॅकबोनची, म्हणजे एक्सचेंज-एक्सचेंज जोडणाऱ्या मुख्य जाळ्याची, एसटीएम-१ लिंक १५५.५२ एमबीपीएसची (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला दहा लाख बिट) असते. मी भागाकार केला तर २,७७७ मॉडेम आले. मित्र म्हणतो १,८९० च बसतात. बरोबर कोण?

उत्तर: मित्राचा आकडा पक्का आहे, तुमचा थोडा कापावा लागेल, पण तुम्ही दोघांनी मोजलेली गोष्टच वेगळी आहे आणि मला तेच नीट सांगायचंय.

आधी तुमचा भागाकार. टेलिकॉममध्ये के म्हणजे सरळ १,०००, तिथं १,०२४ आणायचं नाही. १५ कोटी ५५ लाख २० हजार भागिले ५६ हजार, २,७७७ येतात, गणित चोख. पण फोनची लाइन असा भागाकार करून वाटली जात नाही ना. एक्सचेंज तुमचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतं, दर वेळी ८ बिट, म्हणजे एका कॉलला ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ हजार बिट). असे ३२ कप्पे एकत्र केले की २.०४८ एमबीपीएसचं ई-वन होतं, आपल्याकडं हेच चालतं (अमेरिकेत २४ कॉलचं टी-वन).

आपल्या स्टँडवरनं पुण्याला सुटणारी एसटी डोळ्यापुढं आणा. समजा तिला ३२ सीटा आहेत, एक ड्रायव्हरची, एक कंडक्टरची, पॅसेंजर ३०. ई-वनमध्ये अगदी असंच, शून्य नंबरचा कप्पा वेळ जुळवायला, सोळा नंबरचा कॉल जोडण्या-तोडण्याच्या निरोपांना, आणि उरलेले ३० बोलायला. ही गाडी सेकंदाला ८,००० वेळा सुटते आणि प्रत्येक पॅसेंजरकडं ८ बिटांची पिशवी असते. आता पिशवी अर्धी रिकामी असली म्हणून कुणी अर्धी सीट घेतं का? मॉडेम ५६ चा असो, १४.४ चा असो, की नुसतं गप्प बसून लाइन धरून ठेवलेली असो, एका कॉलला एक सीट म्हणजे ६४ के गेलेच. एसटीएम-१ मध्ये अशी ६३ ई-वन बसतात. ६३ गुणिले ३०, झाले १,८९०.

मग मॉडेम ६४ का नाही, ५६ च का? मला हा भाग फार आवडतो. एक्सचेंज आवाजाच्या ज्या २५६ पायऱ्या करतं त्यातल्या शून्याजवळच्या एकमेकींना इतक्या चिकटून असतात की तांब्याच्या तारेवरच्या खरखरीत त्या ओळखूच येत नाहीत, म्हणून त्या सोडून द्यायच्या आणि ८ ऐवजी ७ बिट वापरायचे. ७ गुणिले ८,००० म्हणजे ५६,०००. १९९८ च्या व्ही.९० या मानकाच्या मॉडेमचं सगळं कसब यात आहे, आणि तेही फक्त येणाऱ्या बाजूला, आपल्याकडून जाताना ३३.६ च. घरापर्यंतची तार जुनी असली तर तेवढंही नाही. आमच्या घरी पावसाळ्यात मॉडेम किर्रर्र करून जोडला जायचा तो ३१.२ ला, ५ एमबीचं एक गाणं उतरवायला एकवीस मिनिटं आणि तेवढा वेळ घरात कुणी फोन उचलायचा नाही. तेच गाणं एसटीएम-१ वर पाव सेकंदाचं काम.

आता तुमचा २,७७७ कुठं उपयोगी पडतो ते बघा. डायल-अपचा, म्हणजे मॉडेमनं फोन लावून जोडलेल्या इंटरनेटचा, कॉल इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरपाशी संपतो, तिथनं पुढं सीट-बिट काही नाही, नुसती पॅकेटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, जातात. १९९५ च्या १५ ऑगस्टला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हापासून डायल-अपची मूळ रचना हीच. त्या पुढच्या लिंकवर तुमचा भागाकार लागू होतो, फक्त आधी ओव्हरहेड, म्हणजे लिंक स्वतःच्या व्यवस्थेला वापरते तो भाग, काढा. एसटीएम-१ च्या फ्रेममध्ये (एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या चौकटीत) २७० कॉलम असतात, त्यातले १० व्यवस्थेला जातात, उरतात १४९.७६ एमबीपीएस, त्याला ५६ नं भागलं की २,६७४. म्हणजे सगळे एकदम पूर्ण स्पीडनं डाउनलोड करत असले तर इतके. खरं तर माणूस पान उघडून वाचत बसतो तेव्हा लाइनवर काहीच जात नाही, त्यामुळं प्रत्यक्षात याहून कितीतरी जास्त लोक त्याच लिंकवर आरामात चालायचे.

एसटीएम-१ च्या ६४ पट मोठी एसटीएम-६४ हवी असेल तर सगळं ६४ नं गुणा, कॉल येतील १,२०,९६०. आणि तो मॉडेम भंगारात देऊ नका, उघडून आतला चिप बघा.

प्रश्न: घरी १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, पण फाइल उतरताना १२ च्या वर आकडा जात नाही. फसवणूक आहे का? (वाचक, होटगी रोड)

उत्तर: नाही. प्लॅन मोजतात बिटमध्ये, डाउनलोडची खिडकी दाखवते बाइट, आणि एका बाइटमध्ये ८ बिट. १०० ला ८ नं भागा, साडेबारा येतात, म्हणजे तुम्हाला जवळजवळ पूर्ण स्पीड मिळतोय. ४ किंवा ५ दिसायला लागला तर आधी वायफाय सोडून केबल लावून बघा, मग तक्रार करा.