कॅटलॉगमधला आकडा आणि तिकिटाची किंमत

प्रश्न : आमच्या आजोबांची कापसाची अडत होती. त्यांच्या लोखंडी पेटीत जुनी पत्रे आणि पावत्या निघाल्या असून त्यांवर पंचम जॉर्ज यांचे चित्र असलेली एक आण्याची चॉकलेटी तिकिटे आहेत. एका परिचितांनी स्टॅनले गिबन्स या ब्रिटिश कंपनीच्या, तिकिटांचे क्रमांक व किमती देणाऱ्या कॅटलॉगची जुनी प्रत दिली, पण तीत हेच तिकीट दोन क्रमांकांखाली आढळते. आमचे कोणते समजावे, आणि पुढे छापलेली किंमत आम्हाला मिळेल का?
– एक वाचक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर : दोन्ही नोंदी बरोबर आहेत. पहिले तिकीट १९२२ चे असून ते लंडनच्या डी ला रू कंपनीने छापले; दुसरे नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून छापले गेले. चित्र आणि रंग तोच असला तरी कागदातील वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली पुसट खूण, निराळा आहे. लंडनच्या छपाईत एका तिकिटामागे एकच तारा दिसतो, तर नाशिकच्या छपाईत अनेक ताऱ्यांची जाळी दिसते. सुटे तिकीट चिमट्याने उचलून काळ्या, गुळगुळीत पृष्ठभागावर पालथे ठेवावे आणि तिरप्या उजेडात पाहावे. पाकिटावर चिकटलेल्या तिकिटाचा वॉटरमार्क दिसणार नाही, परंतु तो पाहण्यासाठी तिकीट सोडवू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. टपालाच्या शिक्क्यावरील तारीख १९२६ च्या आधीची असेल, तर ते लंडनचेच ठरते. नंतरची असेल, तर मात्र निश्चित सांगता येत नाही, कारण जुना साठा टपाल कचेऱ्यांत पुढेही विकला जात असे. शिवाय विदर्भातील लहान गावांचे शिक्के स्पष्ट उमटलेली अखंड पाकिटे टपालाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना सुट्या तिकिटांपेक्षा अधिक मोलाची वाटतात.

पावत्यांचा विचार वेगळा करावा लागतो. त्या काळी २० रुपयांहून अधिक रकमेच्या पावतीवर एक आण्याचे तिकीट लावून त्यावर सही करण्याचा नियम होता. अशा तिकिटाचा वापर टपालासाठी झालेला नसल्याने कॅटलॉगमधील ‘वापरलेले’ या रकान्याची किंमत त्याला लागू होत नाही. त्या पावत्या आपल्या घराण्याच्या व्यवहाराची साक्ष म्हणून जपाव्यात. त्यांतून पैशाची अपेक्षा ठेवू नये.

किमतीचे दोन रकाने असतात : डावीकडचा कोऱ्या तिकिटासाठी, उजवीकडचा वापरलेल्यासाठी. हे आकडे पौंडांत असून निर्दोष तिकीट गिबन्स कंपनी ग्राहकाला ज्या दराने विकेल, तो दर ते सांगतात. विकणाऱ्याच्या हाती पडणारी रक्कम त्याहून बरीच कमी असते. अगदी सामान्य तिकिटापुढेही लहानसा आकडा छापलेला असतो, पण तो बहुतांशी हाताळणीचा खर्च असतो. तिकिटाच्या कडेचे दाते तुटलेले असतील, कागद पातळ झाला असेल किंवा पेटीच्या गंजाचा डाग पडला असेल, तर छापील किमतीचा लहानसा अंशच उरतो. आपल्याकडील जुनी प्रत ओळख पटवण्यासाठी उत्तम आहे. क्रमांक सहसा टिकतात, भाव टिकत नाहीत. वहीत नोंद करताना क्रमांकाआधी ‘गिबन्स’ असे अवश्य लिहावे, कारण अमेरिकेच्या स्कॉट कॅटलॉगचे आणि जर्मनीच्या मिशेलचे क्रमांक वेगळे आहेत.

प्रश्न : गांधीजींचे १९४८ चे १० रुपयांचे तिकीट एक गृहस्थ स्वस्तात देत आहेत. कॅटलॉगमधील चित्राशी ते हुबेहूब जुळते. घ्यावे का?
– एक शिक्षक, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : केवळ चित्र जुळते म्हणून घेऊ नये. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेल्या चार तिकिटांच्या या मालिकेतील १० रुपयांच्या तिकिटाच्या नकला बाजारात पुष्कळ आहेत. मूळ तिकीट स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए छापखान्यात फोटोग्राव्ह्युअर (छायाचित्रावरून तयार केलेल्या कोरीव साच्याने छापण्याच्या) पद्धतीने छापले गेले आणि त्याच्या कडेच्या छिद्रांचे माप ११½ आहे, म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये साडेअकरा छिद्रे बसतात. तिकिटांची छिद्रे मोजण्याच्या खास पट्टीवर हे माप जुळले नाही, तर तिकीट तेथेच नाकारावे. माप जुळले तरी मान्यताप्राप्त तज्ज्ञाचे प्रमाणपत्र मागावे, आणि विक्रेता ते देण्यास तयार नसेल, तर व्यवहार करू नये.