अर्ज चुकीच्या आयोगाकडे, आणि वर्ष भरत आलंय

ताई, कूचबिहारचं सासर, बांगलादेश सीमेवरच्या तारेच्या कुंपणापलीकडे शेत. कुंपणाचं गेट बंद व्हायच्या वेळेला उशीर झाला म्हणून सीमा सुरक्षा दलाच्या जवानांनी दिराला काठीनं मारलं, मनगटाचं हाड मोडलं. दहा महिने झाले, राज्य मानवी हक्क आयोगाकडे अर्ज पडून आहे, आणि तुम्ही पुण्याहून विचारता, ‘अजून किती थांबायचं?’ सीमेवरच्या गावांतल्या पत्रांत हाच प्रश्न असतो. मारहाण बेकायदा होती का, यावर शाई घालवत नाही.

एक दिवसही थांबू नका. मानवी हक्क संरक्षण कायदा १९९३, कलम ३६(२): घटनेला वर्ष उलटलं की आयोगाला चौकशी करता येत नाही. ‘अर्ज दुसरीकडे दिला होता’ ही सवलत त्यात लिहिलेली नाही. सीमा सुरक्षा दल केंद्राचं. राज्य आयोगाचा अधिकार राज्यघटनेतल्या राज्य सूची आणि समवर्ती (केंद्र-राज्य दोघांच्या) सूचीतल्या विषयांपुरता. तिथून ‘आमच्या कक्षेत नाही’ एवढंच उत्तर येईल, तेही त्यांच्या सवडीनं. वर ३६(१) म्हणतं, राज्य आयोगापुढे प्रलंबित असलेल्या प्रकरणात राष्ट्रीय आयोगानं हात घालायचा नाही. म्हणजे तुमचाच अर्ज तुमची वाट अडवून बसलाय. अर्ज पाठवण्याआधी कुणा वकिलाला पाच मिनिटं विचारलं असतं तर! या आठवड्यात तो मागे घ्या, शिक्क्याची पोच घ्या आणि ती जोडून दिल्लीला राष्ट्रीय आयोगाकडे अर्ज करा. ऑनलाइन होतो, फी नाही.

त्यातून फार काही मिळेल असं मात्र समजू नका. सशस्त्र दलांबाबत कलम १९ नुसार आयोग केंद्राकडून अहवाल मागवतो आणि शिफारस करतो, हुकूम काढत नाही. २०११ मध्ये याच सीमेवर कुंपण ओलांडताना फेलानी ही पंधरा वर्षांची मुलगी गोळीनं गेली. दलाच्याच न्यायालयानं जवानाला २०१३ मध्ये आणि फेरविचारात २०१५ मध्ये निर्दोष सोडलं. आयोगानं पाच लाखांच्या भरपाईची शिफारस केली होती.

आता केसपेपर. तुम्ही पाठवलेल्या फोटोत इजेचं कारण लिहिलंय ‘पडल्यामुळे’. भीतीपोटी सांगितलं असेल, पण समोरचा वकील पहिल्यांदा तोच कागद वाचेल. तसं का सांगितलं, याचं दिराचं प्रतिज्ञापत्र करा, सोबत घरी आणणाऱ्याचंही. एक्स-रेची प्लेट जपा. हाड मोडल्याचं दिसलं तर गंभीर दुखापत, शिक्षा सात वर्षांपर्यंत, तक्रारीला मुदतीची अडचण नाही. नाही दिसलं तर साधी दुखापत, आणि तिथेही मुदत वर्षाचीच.

ठाण्यानं तक्रार घेतली नाही म्हणून परत फिरलात, हे चुकलंच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा, तिथेही हलली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. पुढे जवानांवर खटला भरायला सरकारच्या मंजुरीचा मुद्दा निघेल, दलाच्या कायद्यातलं कलम १४० काढून कर्तव्यातल्या कृतीवर दाव्याची तीन महिन्यांची मुदत दाखवतील. काठीनं मारणं हे कर्तव्यात बसत नाही, असा युक्तिवाद आहे. टिकेलच, असं लिहून देत नाही. भरपाईसाठी कलकत्ता उच्च न्यायालयाच्या जलपाईगुडी सर्किट बेंचपुढे रिट याचिका होऊ शकते, पण ते तिथल्या वकिलानं कागद बघून ठरवावं.

गेटच्या रजिस्टरची नक्कल माहिती अधिकारात मागा. दलाला या कायद्यातून सूट आहे, पण मानवी हक्कभंगाच्या आरोपाला ती लागू नाही. केंद्रीय माहिती आयोगाची मान्यता लागते, त्याला वेळ जाईल, म्हणून अर्ज आजच टाका. राष्ट्रीय आयोगाचा अर्ज मात्र त्यासाठी अडवून ठेवू नका.