स्लीव्ह सर्जरीला १९ दिवस झाले, वजन थांबलंय आणि सारखं रडू येतंय. माझी चूक झाली का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ३१, पहिल्या बारा दिवसांत सात किलो उतरले आणि त्यानंतर काटा जागचा हलत नाही. फोडणीचा वास आला की डोळे भरून येतात. सासूबाई म्हणतात, "दोन घास तरी खा गं." आणि रात्री वाटतं, वजन कमी करायचं म्हणून चांगलं धडधाकट पोट उगाच कापून घेतलं.

आधी वजनाचं सांगते, कारण ते सोपं आहे. तिसऱ्या आठवड्यात काटा थांबणं इतकं नेहमीचं आहे की माझ्या डाएटिशियननी ऑपरेशनच्या आधीच बजावून ठेवलं होतं. तरी मी घाबरलेच. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा ठेवतं, ग्लायकोजेन म्हणतात त्याला. त्याच्या एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं एकदम कमी झालं की पहिल्यांदा हा साठा संपतो, पाणी निघून जातं आणि काटा भराभर खाली येतो. तुमच्या सात किलोंत हे पाणी बरंच आहे. मग शरीर सावरतं, थोडं पाणी परत धरतं, आणि आतून चरबी कमी होत असली तरी काट्यावर ते दिसत नाही. माझा काटा अकरा दिवस एका आकड्यावर अडकला होता, बाराव्या दिवशी एकदम सव्वा किलो उतरला. वजन आठवड्यातून एकदाच करा. त्याऐवजी शिवणाचा टेप घ्या आणि कंबर, दंड, मांडी मोजून वहीत लिहा.

आता रडण्याचं.

माझं ऑपरेशन जानेवारी २०२२ मध्ये पुण्यात झालं. उंची १५७ सेंटिमीटर, वजन ११६ किलो, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४७. बीपीची गोळी चालू होती आणि झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्री नाकावर सीपॅपचं मशीन लागायचं. मी इचलकरंजीजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या शिबिराला जाताना प्रत्येक मजल्यावर थांबायचे आणि कुणी बघत असेल तर फोन आल्यासारखं करायचे. म्हणजे ऑपरेशनची गरज होती याबद्दल मला शंका नव्हती. तरीही सोळाव्या-सतराव्या दिवशी मी न्हाणीघरात नळ सोडून रडले आहे. बाहेर नवरा आणि मुलगी पिठलं-भाकरी खात होते, आणि माझ्या मनात एकच होतं की आता हे आयुष्यातून गेलं.

तेव्हा जे कळलं नव्हतं ते सांगते. दिवस वाईट गेला, शाळेत साहेब बोलले, माहेरचा फोन आला, की मी खायचे. आनंद झाला तरी खायचे. पंचवीस वर्षांची ती सोबत एका दुपारी काढून घेतली गेली आणि तिच्या जागी द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. त्यात भुलीचा थकवा, तुटक झोप, रोजच्या जेमतेम पाचशे-सहाशे कॅलरी, आणि झपाट्याने वजन उतरताना हलणारी हार्मोन्स. या सगळ्यात कुणालाही रडू येईल. त्याचा अर्थ निर्णय चुकला असा होत नाही. मला साधारण सहाव्या आठवड्यात हलकं वाटायला लागलं, आणि तेही मऊ भुर्जी खायला मिळाल्यावर. मात्र रडणं वाढत गेलं, जगावंसंच वाटेना, असं झालं तर वाट बघू नका. घरी सांगा, सर्जनना सांगा, आणि टेलि-मानसचा सरकारी नंबर १४४१६ आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

सध्या तुमचं खरं काम एकच आहे, पाणी. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात, केळ्यासारखी एक नळी उरते, आणि तिला एका बाजूने वरपासून खालपर्यंत स्टेपलची शिवण असते. ती भरून येईपर्यंत आत जोर पडू नये म्हणून हे पातळ पदार्थांचे आठवडे. मी ३० मिलीचा औषधाचा प्लॅस्टिकचा कप वापरायचे, ज्यावर रेघा असतात तो. एक कप संपवायला सुरुवातीला दहा मिनिटं लागायची. दीड लिटर म्हणजे असे पन्नास कप. मुलीने फ्रिजवर कागद लावला होता, प्रत्येक कपाला एक उभी रेघ, पाचवी आडवी. पहिल्या आठवड्यात चोवीस रेघांच्या पुढे जात नव्हते, चौथ्या आठवड्यात एकदाच पन्नास झाल्या आणि तिने त्या कागदावर तारा काढला. तुम्ही दिवसाला किती पिता ते प्रश्नात लिहिलेलं नाही. बऱ्याचदा चक्कर, डोकं दुखणं, बद्धकोष्ठ आणि उदासीसुद्धा पाण्यावाचून असते. घोट छोटा, गटागटा कधीच नाही, आणि स्ट्रॉ नको, हवा आत जाते.

काही गोष्टींत मात्र थांबायचं नाही. ताप, पोटात वाढत जाणारी कळ, डाव्या खांद्यात नव्याने सुरू झालेलं दुखणं, बसल्या जागी नाडी १२० च्या वर, धाप, एका पायाच्या पोटरीला सूज. यातलं काहीही झालं तर रात्री दोन वाजताही हॉस्पिटलला फोन. शिवण गळायला लागणं किंवा रक्ताची गुठळी होणं क्वचित घडतं, पण घडलं तर तास मोजावे लागतात. दुसरं, पाणीही टिकत नसेल अशी उलटी एक-दोन दिवस चालली तर कळवाच. सततच्या उलट्यांत बी१ जीवनसत्त्व संपतं, आणि त्याने चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं असं मेंदूपर्यंतचं दुखणं होऊ शकतं.

सासूबाईंचं. माझ्याही सासूबाई ताटाशी उभ्या राहून आग्रह करायच्या. त्यांच्या मते मी उपाशी मरत होते. दोन-तीनदा माझा आवाज चढला, मग वाईट वाटलं. आमच्याकडे बाळंतिणीला, आजाऱ्याला अळणी देतात, म्हणजे मटण मीठ-हळदीत शिजवून काढलेलं बिनतिखटाचं पाणी. डाएटिशियनना विचारलं तर म्हणाल्या, वरचं तेल पूर्ण काढून, गाळून चालेल. ते काम मी सासूबाईंना दिलं. अळणी फ्रिजमध्ये ठेवायचं, वर चरबीचा पांढरा थर धरला की तो चमच्याने काढायचा, मग कोमट करून गाळून द्यायचं. त्या दिवसापासून आग्रह थांबला. त्यांना माझ्यासाठी काहीतरी रांधायचं होतं, एवढंच. मुलीच्या बारशाची चांदीची वाटी आणि चमचा त्यांनीच माळ्यावरून काढून दिला. चार वर्षं झाली, मी अजून त्याच वाटीत घरी जेवते.

मऊ अन्न सुरू झालं की नवा धडा असतो. मी सहाव्या आठवड्यात शाळेत रुजू झाले. आमच्याकडे पोषण आहार मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी चाखून रजिस्टरला नोंद करायची असते. पहिल्याच दिवशी घंटा होत आली म्हणून खिचडीचा एक चमचा न चावता गिळला. छातीच्या मधोमध, हाडामागे, कुणी मूठ आवळल्यासारखं झालं. तोंडाला पाणी सुटलं, मग लाळेचा दाट फेस, आणि मी वर्गामागे वाकून वीस मिनिटं तो थुंकत उभी. भात आणि खिचडी चिकट गोळा होऊन बसते. मऊ पोळीचंही तसंच. मला अंडं, पनीर, दह्याचा चक्का, मऊ शिजलेला मासा, मूगडाळीचं धिरडं आधी जमलं आणि भाकरी पार सातव्या महिन्यात, तीही पापुद्र्याचा कुरकुरीत भाग. घास नखाएवढा, वीस-पंचवीसदा चावायचा, चमचा खाली ठेवायचा. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. नाक वाहायला लागणं किंवा शिंक, उचकी येणं ही माझ्या पोटाची खूण आहे, ती आली की पुढचा घास घेत नाही. तुमची खूण वेगळी असेल, ती शोधा.

बीपीची किंवा शुगरची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना न विचारता जुन्याच डोसवर चालू ठेवू नका. वजन उतरेल तशी औषधं कमी करावी लागतात. माझं बीपी दोन महिन्यांत खाली आलं होतं, मी मोजलं नाही, गोळी घेतच राहिले आणि परिपाठात प्रार्थनेला उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलांनी धरलं. घरी बीपीचं मशीन ठेवा, आकडे डॉक्टरांना पाठवा, आणि गोळी त्यांनी सांगितल्यावरच बदला.

पुढच्या काही महिन्यांत केस गळतील. साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात. मला रबराला दोन वेढे लागायचे, ते चार लागायला लागले. कंगव्यातला पुंजका पाहून मी पुन्हा खचले. मोठ्या ऑपरेशनचा आणि झपाट्याने वजन उतरण्याचा हा धक्का असतो, मुळं शाबूत असतात. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन जायला लागलं, लोह ठीक राहिलं, की नवे केस येतात. माझ्या कपाळावर दहाव्या महिन्यात लव दिसायला लागली. ६० ग्रॅम ऐकायला कमी वाटतं, पण एका अंड्यात सहा आणि शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, असा हिशोब केला की कळतं, पहिले सहा महिने पावडरशिवाय जमत नाही.

एक माझी मोठी चूक लिहून ठेवते. दुसऱ्या वर्षी सगळं छान चाललं होतं, वजन ७९ ला आलं होतं, मशीन सुटलं होतं, आणि मी गोळ्या घ्यायचा कंटाळा केला. चार-पाच महिन्यांनी तळपायाला मुंग्या यायला लागल्या, वर्गात फळ्यावर लिहिताना शब्द आठवेनात. बी१२ तपासलं तर फारच खाली. इंजेक्शनं घ्यावी लागली आणि मुंग्या पूर्ण जायला अर्धं वर्ष गेलं. मल्टिव्हिटॅमिन, बी१२, डी, लोह, कॅल्शियम, हे आता जन्मभराचं आहे. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर ठेवा, लोहाच्या गोळीवर चहा नको. रक्ततपासणी पहिल्या वर्षी डॉक्टर सांगतील तशी, नंतर दरवर्षी. सर्जननी पित्तखड्यांसाठी गोळी दिली असेल तर तीही मधेच सोडू नका, वजन वेगाने उतरताना खडे होतात. आणि मूल हवं असेल तर किमान १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. वजन उतरलं की पाळी नियमित होऊन दिवस राहण्याची शक्यता वाढते, त्यामुळे ही गोष्ट आत्ताच डॉक्टरांशी बोला.

गोडाचंही सांगते. त्या वर्षीच्या पाडव्याला दोन चमचे श्रीखंड खाल्लं. पंधरा मिनिटांत छातीत धडधड, दरदरून घाम, आडवं व्हावं लागलं. पोटाचा बायपास, म्हणजे जठर छोटं करून अन्नाची वाट आतड्याकडे वळवण्याचं ऑपरेशन, झालेल्यांना हे जास्त होतं, पण स्लीव्हनंतरही होऊ शकतं. मला त्यापेक्षा जास्त फसवलं ते फरसाण आणि चिवड्याने. भुर्जी चार घासांत पोट भरते. चिवडा चावून चावून विरघळतो, खाली सरकतो आणि पोट भरल्याची खूणच देत नाही. पेपर तपासताना मी वाटीभर कधी संपवायचे ते कळायचं नाही. ७९ चे ८३ झाले ते तिथे. आता तो डबा घरात नाही. ८३ वर स्थिर आहे, आणि मला ते मान्य आहे.

लोक बोलतील. चेहरा उतरला, म्हातारी दिसायला लागली, सोपा रस्ता काढला. दंडाची कातडी लोंबते, ती व्यायामाने पूर्ण जात नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलबी टाकतोच, म्हणून मी पंगतीत बसत नाही, वाढायला उभी राहते. मला वाढायला आवडतं हे मला ऑपरेशननंतर कळलं. आणि शिबिराच्या त्या तीन मजल्यांवर मी आता न थांबता जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा वर पोचून रिकाम्या हॉलमध्ये खुर्चीवर नुसती बसून राहिले, बाकीच्या बाया यायच्या होत्या.

उद्या सकाळी एवढं करा. दिवसभरात पाणी किती मिली आणि प्रोटीन किती ग्रॅम गेलं ते लिहा आणि ते आकडे घेऊन डाएटिशियनना फोन करा, वजनाचा आकडा सांगू नका. त्यांनी होकार दिला तर सासूबाईंना मुगाचं कढण करायला सांगा. दोन मोठे चमचे हिरवे मूग कोरडे भाजायचे, भरपूर पाण्यात अगदी गळेपर्यंत शिजवायचे, घुसळून गाळून घ्यायचे. चिमूटभर जिरेपूड, थोडं सैंधव, तिखट अजिबात नाही. कोमट असताना चमच्या-चमच्याने, अर्ध्या तासात अर्धी वाटी. आणि सगळे जेवायला बसतील तेव्हा खोलीत जाऊ नका, ती वाटी घेऊन त्यांच्यातच बसा.