कावासाकी आजारात लाल झालेले डोळे

प्रश्न : माझ्या तीन वर्षांच्या मुलाला सहा दिवस ताप होता आणि दोन्ही डोळे लालभडक झाले होते. आधी डोळे आले म्हणून अँटिबायोटिकचे थेंब घातले. नंतर कावासाकी आजाराचं निदान झालं आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडांचं औषध) दिलं. आता ‘डोळ्याच्या आत थोडी सूज आहे’ असं सांगितलंय. त्याची नजर अधू होईल का?
– एक आई, सांगली

उत्तर : नजर अधू होण्याची शक्यता फार कमी आहे. या आजारात रक्तवाहिन्यांना सूज येते. त्यामुळे डोळ्याचा पांढरा भाग लाल होतो, पण बुबुळाभोवतीची कड बहुधा पांढरीच राहते. चिपडं येत नाहीत, म्हणून अँटिबायोटिक थेंबांचा उपयोग होत नाही. चिकट स्राव असेल, तर मात्र वेगळ्या संसर्गाची शंका घ्यावी.

आतली सूज म्हणजे युव्हिआयटिस. ती सहसा पहिल्याच आठवड्यात येते आणि स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) दिसते. बहुतेकदा सौम्य असते आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरते. सूज जास्त असेल तर स्टेरॉइडचे थेंब देतात. सोबत बाहुली मोठी करणारे थेंब असतात, नाहीतर बुबुळाचा पडदा मागच्या भिंगाला चिकटू शकतो. स्टेरॉइडचे थेंब स्वतःच्या मनाने लांबवू नका, डोळ्यातला दाब वाढतो. दुखणं, उजेड सहन न होणं, नव्याने आलेला तिरळेपणा किंवा वस्तूला धडकणं दिसलं, तर त्याच दिवशी दाखवा. दृष्टिपटल किंवा नेत्रनाडीला त्रास होणं दुर्मीळ आहे, पण तो लवकर ओळखावा लागतो.

खरी काळजी हृदयाची घ्यायची. उपचार न झाल्यास सुमारे चारातल्या एका मुलाच्या हृदयाच्या धमनीला फुगवटा येतो. तापाच्या पहिल्या १० दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन दिलं, तर हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास येतं. मात्रा किलोमागे २ ग्रॅम. म्हणजे १४ किलोच्या मुलाला २८ ग्रॅम, १० ते १२ तासांत. ते संपून ३६ तास झाल्यावरही ताप राहिला किंवा परत आला, तर लगेच कळवा, पुढचा उपचार लागतो. इको (हृदयाची सोनोग्राफी) साधारण १-२ आठवड्यांनी आणि पुन्हा ४-६ आठवड्यांनी करतात. डोळे निवळले म्हणून ही तपासणी टाळू नका, हे आवर्जून सांगतो.

कमी मात्रेतली ॲस्पिरिन, किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम, रोज एकदा, सहसा इको नीट येईपर्यंत चालते. त्या काळात आयबुप्रोफेन देऊ नका, त्याने ॲस्पिरिनचा परिणाम कमी होतो. फ्लू किंवा कांजिण्यांची शंका आली, अगदी घरात कुणाला झाल्या तरी, लगेच डॉक्टरांना विचारा. ॲस्पिरिन चालू असताना या तापांत मेंदू आणि यकृतावर घातक परिणाम होऊ शकतो. गोवर आणि कांजिण्यांच्या लसी इम्युनोग्लोब्युलिननंतर ११ महिने पुढे ढकलतात. लसीकरणाच्या कार्डावर आजच तारीख लिहून घ्या.