थंडीत एका दिवसात कुठं जाऊ?

प्रश्न : थंडीत आई-बाबांना घेऊन कोल्हापुरातून एका दिवसात जाऊन यायचंय, कालवा बघायचा म्हणून पोरं मागं लागलीत. काय सुचवाल?

उत्तर : कालव्याला आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलंय का ते आधी कुणाला तरी विचारा, नायतर कोरडी चारी बघून याल, आणि पाणी असलं तरी पोरांना काठावर सोडू नका. मी म्हणेन सरळ नरसोबावाडी धरा, कृष्णा-पंचगंगेचा संगम बघा, बासुंदी खावा आणि तिथनं खिद्रापूर, तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाला मधोमध छतच नाही, गोल उघडं आभाळ, खाली 48 खांब, दुपारी ऊन आत उतरतं ते बघाच. सध्या कारखाने चालू, उसाच्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर असतोच असं नाही, त्यामुळं अंधाराआधी परता. वाटेत गुऱ्हाळ लागलं तर काकवी घ्या.