पुण्यात नवीन आलोय, कथा लिहितो. साहित्यिक कार्यक्रम आणि छापून येण्याच्या संधी कुठे मिळतील?

सुरुवात टिळक रस्त्यावरून करा. महाराष्ट्र साहित्य परिषद (स्थापना 1906) तिथेच आहे. तिच्या माधवराव पटवर्धन सभागृहात पुस्तक प्रकाशनं, व्याख्यानं, कविसंमेलनं चालू असतात. बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. कार्यक्रम संपल्यावर लगेच निघू नका, खऱ्या ओळखी बाहेर चहाच्या वेळी होतात.

छापून येण्यासाठी मात्र दिवाळी अंकांसारखा दुसरा मार्ग नाही. 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेली ही प्रथा आजही नव्या लेखकांना जागा देते. फक्त एक लक्षात घ्या: दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात असली तरी अंकांची जुळवाजुळव उन्हाळा संपता संपता सुरू होते. गणपतीत कथा पाठवलीत तर बहुधा पुढच्या वर्षीच नंबर लागेल. कथा युनिकोडमध्ये टाइप करा, शब्दसंख्या वर लिहा आणि एकच कथा चार संपादकांना एकदम पाठवू नका. संपादक एकमेकांशी बोलतात हो!

कथासंग्रहाइतका मजकूर जमला, की महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. पहिल्या पुस्तकासाठीच आहे ती. पैसे मागून पुस्तक काढणाऱ्यांकडे त्याआधी जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

वाचायला पुणे नगर वाचन मंदिर आहेच, 1848 पासूनचं. आणि डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावरचा पुणे पुस्तक महोत्सव चुकवू नका, पण रविवारी संध्याकाळी जाल तर गर्दीत पुस्तकं दिसणार नाहीत.