साडेपाच वर्षांच्या मुलीला हेल्दी खाऊ करता करता थोडाफार स्वयंपाक शिकवायचाय, सुरुवात कशाने करू?

दडप्या पोह्यांनी करा. फोडणी तुम्ही द्या, कांदा तुम्ही चिरा, बाकी सगळं ती करू शकते. एवढं ठासून सांगतोय कारण मागच्या वर्षीचं एक दुखणं आहे, ऐकाच आता.

आम्ही भांडुपला राहतो. मुलगा तेव्हा दुसरीत होता, बायकोची शनिवारी ड्युटी, त्यामुळे शनिवारची संध्याकाळ म्हणजे मी, तो आणि ओटा. शाळेत फायरलेस कुकिंगची स्पर्धा निघाली. ग्रुपवर पालक रील्स टाकायला लागले, मी म्हटलं आपल्याला येतं ते करू, आई रत्नागिरीकडची, दडपे पोहे खातच वाढलोय. पातळ पोहे २ वाट्या, ओलं खोबरं १ वाटी, कांदा, कोथिंबीर, लिंबू, मीठ, साखर, सगळं हाताने कालवून १५-२० मिनिटं झाकून दडपायचं, त्या ओलाव्यावरच पोहे मऊ होतात.

पहिल्या शनिवारी त्याने नारळाचं पाणी शिंपडायच्या ऐवजी अख्खा पेला ओतला. जुलै महिना, पोहे आधीच सादळलेले, झाला गिच्च गोळा. ओरडणार होतो पण म्हटलं जाऊ दे, भाजणी घातली आणि थालीपिठं थापली, भोकं पाडायचं काम त्याला दिलं तर एकेकाला ११ भोकं. पुढच्या शनिवारी मात्र पठ्ठ्याने बोटं बुडवून, सत्यनारायणाला शिंपडतात तसं पाणी शिंपडलं, कोथिंबीर बोथट कात्रीने कापली, लिंबू तळव्याखाली दाबून ओट्यावर फिरवून घेतलं. पोहे असे मोकळे झाले की काय सांगू.

स्पर्धेत आमचा स्टीलचा डबा, त्यावर थोडं खोबरं. नंबर आला नाही. पहिला आला माझा पुतण्या, त्याच शाळेत आहे. खारी बिस्किटं, त्यावर चीज, मध्ये काकडीचं कमळ. कमळ कसं केलंस रे विचारलं तर म्हणे, "आईला विचारून सांगतो काका." आणि वहिनी मला सांगतात, "भाऊजी, थोडं सजवायचं तरी, आणि पोराला कशाला हात घालू देता, पसारा आवरणार कोण?" अहो तोच आवरणार! आमच्याकडे ओटा पुसल्याशिवाय ताटली मिळत नाही.

तुमच्या मुलीचं म्हणाल तर मटार सोलणं, मेथी निवडणं, शिकरणाला केळी कुस्करणं आत्ता जमेल. मूग भिजत घालायला द्या, रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधायचे, मोड बघायला दहा वेळा फडकं उघडेल, उघडू द्या (उन्हाळ्यात जास्त ठेवू नका, मुंबईच्या हवेत लगेच वास येतो). मग ते वाफवून कांदा-लिंबू-कुरमुरे घालून भेळ. आणि चॉकलेट सिरप ओतलेल्या ओट्सना कृपया हेल्दी म्हणू नका. गॅसजवळ ८-९ वर्षांशिवाय नको, तेव्हाही शेजारी उभं राहूनच. माझं तरी असं मत आहे, तुमची मुलगी जास्त समंजस असेल तर तुम्ही बघा.

हो, आणि राहिलंच, घरात ४ वर्षांखालचं भावंडं असेल तर त्याला अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात, कूट घाला. मिरचीला हात लावू देऊ नका, पोरं त्याच हाताने डोळे चोळतात, आमच्याकडे एकदा रात्रभर तमाशा झालाय.

यंदाची स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. आम्ही तेच पोहे नेणार, त्याच डब्यात. वहिनी गाजराचा मोर करायची प्रॅक्टिस करताहेत, असं पुतण्याकडून कळलंय.